जागा मोकळी, पण कोणासाठी?

टॅम्पिनीसहून सुटणारी गाडी आम्हांस थेट बुओना व्हिस्टाला नेते. तेथे २००३ साली बायोपोलिस उभे राहिले. रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांची दारे जगाला खुली झाली, असे सांगितले जाते. आम्ही विचारतो, कोणत्या जगाला? पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या कित्येक जागा जाहिरातीपूर्वीच, मार्गदर्शकांच्या आपसांतील पत्रांवर ठरून जातात. ज्याचा गुरू नामांकित, त्याला वार्ता आधी. पहिल्या पिढीच्या पदवीधराला उरते ती केवळ औपचारिक जाहिरात. यालाच गुणवत्ता म्हणावयाचे काय?

सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले ठराव १९२३ चा. तरीही चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना महाडला सत्याग्रह करावा लागला. कागदावरचे खुलेपण आम्ही ओळखून आहोत. म्हणून जाहिरात निवडीपूर्वीच, वेतन व मुदतीसह, प्रसिद्ध झाली पाहिजे.

मात्र बंधुभगिनींनो, आपल्याला कळलेली जागा आपणही प्रथम भाच्या-पुतण्यांनाच सांगतो. मग त्यांच्यात आणि आपल्यात भेद तो कोणता? यापुढे अशी प्रत्येक वार्ता नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर पोहोचविणे, हे आपले कर्तव्य होय. तळे एकट्याने प्यायचे नसते.

जय भीम!