चढता श्वास आणि उतरता श्वास

या दिवाळींत आमच्या धाकट्या बंधूंचा नातू चार दिवस परतुरास आला होता. पुण्यास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकतो. मुलगा हुशार आणि मनाचा सरळ. परंतु या खेपेस त्याची चर्या कांहीं निराळी दिसली. डोळे तांबारलेले, पानावर बसला तरी चित्त ताटांत नाहीं, आणि कोणीं हांक मारली कीं दचकून पाहणें. तिसऱ्या दिवशीं पहाटे मी ओसरीवर आलों, तों हा तेथें मांडी घालून ताठ बसलेला. श्वास कोंडलेला आणि कार्तिकांतल्या गारव्यांतही कपाळावर घाम. कांहीं न बोलतां मी शेजारीं बसलों. थोड्या वेळानें तोच म्हणाला, "आजोबा, तुम्हांला म्हणून सांगतों. तीन महिने झाले, मी चिनी पद्धतीनें प्राणशक्ति फिरवीत आहें. फोनवर पाहून शिकलों. शक्ति डोक्यापर्यंत चढते. पण मग झोंपच येत नाहीं."

हें ऐकून मला हंसूं आलें नाहीं व रागही आला नाहीं; कारण हेंच दुखणें मीं स्वतः भोगलेलें आहे. त्या सकाळीं त्याला जें सांगितलें, तेंच आज या सदरांत थोडें विस्तारानें लिहितों. आज घरोघरीं कोणाच्या ना कोणाच्या हातांत असें एखादें पुस्तक किंवा फोन असतोच. तेव्हां हा विषय वाचकांस परका वाटणार नाहीं.

प्रथम ही विद्या काय आहे तें पाहूं. चीन देशांत लाओ-त्झूच्या नांवानें चालत आलेला जो ताओ-पंथ, त्यांतील साधकांचें जुनें ध्येय दीर्घायुष्य, किंबहुना अमरत्व. आरंभीं हे लोक पारा, हिंगूळ, शिसें यांचीं रसायनें करीत. आपल्या रसशास्त्राचें व या खटाटोपाचें नातें वाचकांच्या सहज लक्षांत येईल. परंतु त्या गुटिकांनीं अमर होण्याऐवजीं पुष्कळ जण लवकर मेले, आणि त्यांत थांग घराण्यांतील एकाहून अधिक सम्राट होते. पुढें हळूहळू भट्टी बाहेरची न राहतां देहांतली झाली. शब्द तेच राहिले, अर्थ मात्र आंत वळला. मूस म्हणजे पोट, अग्नि म्हणजे अवधान, भाता म्हणजे श्वास. बेंबीच्या खालीं दोन-तीन अंगुळांवर ते एक स्थान मानितात. त्याचें नांव 'दान-तिएन', आणि शब्दशः अर्थ 'हिंगुळाचें शेत'.

या शेतांत तीन द्रव्यें पिकतात असें ते सांगतात: 'चिंग', 'ची' आणि 'शेन'. आपल्या भाषेंत ढोबळपणें सार, प्राण आणि चित्त म्हणूं. साराचा प्राण व्हावा, प्राणाचें चित्त व्हावें आणि चित्त शून्यांत विरावें, असा क्रम. त्यासाठीं जी क्रिया सांगितली आहे, तिला मी 'लघु प्रदक्षिणा' म्हणतों. बेंबीखालीं ऊब जमली कीं ती माकडहाडापाशीं जाते, पाठीच्या कण्यानें मस्तकापर्यंत चढते, आणि तेथून कपाळ, टाळू, छाती या पुढच्या वाटेनें उतरून पुन्हा त्या शेतांत येते. जीभ टाळूला लावून ठेवावयाची, म्हणजे उतरण्याच्या वाटेवर पूल बांधला जातो.

हें वाचतांना कोणाही मराठी माणसास ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आठवेल. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, आमच्या गोदाखोऱ्याच्याच परिसरांत नेवासें येथें सांगितलेल्या या ग्रंथांत गोरक्षनाथांकडून गहिनीनाथ व निवृत्तिनाथ यांच्या द्वारें आलेली कुंडलिनीची विद्या प्रथमच मराठींत उघडी झाली, आणि ज्ञानदेवांनीं तिला 'पंथराज' हें नांव दिलें. ताओ या शब्दाचा मूळ अर्थही पंथ, मार्ग हाच. पुलकेशीच्या काळीं महाराष्ट्रांत येऊन गेलेला प्रवासी ह्युएन-त्संग मायदेशीं परतल्यावर, इ. स. ६४७ मध्यें, चिनी सम्राटानें त्याला लाओ-त्झूचा ग्रंथ संस्कृतांत उतरविण्याची आज्ञा केली. कामरूपाच्या भास्करवर्मा राजानें तशी इच्छा दर्शविली होती. तेव्हां 'ताओ'ला संस्कृत शब्द कोणता, यावर वाद माजला. ताओपंथी पंडित 'बोधि' म्हणत, ह्युएन-त्संग 'मार्ग' या शब्दावर अडून बसला. तें भाषांतर आज उपलब्ध नाहीं. तथापि जन्मभर विद्यार्थ्यांकडून प्रतिशब्द लिहवून घेतलेल्या माझ्यासारख्या शिक्षकास हा वाद फार मोलाचा वाटतो. बोधि हें पोंचण्याचें ठिकाण, आणि मार्ग म्हणजे चालणें. आपण घरीं बसून शिकणारे विद्यार्थी नेमके येथेंच चुकतों. चालण्याआधीं पोंचूं पाहतों.

आतां माझी चूक सांगतों. मी शाळेंतून निवृत्त झालों त्याच वर्षीं आमचे वडील बंधु वारले. साठ वर्षें एका पंक्तीला बसलेला माणूस उठून गेला, आणि त्यांचा पाट भिंतीशीं तसाच उभा राहिला. जें मरत नाहीं असें आपल्यांत कांहीं आहे काय, हा प्रश्न तोंवर मी मुलांना अर्थासह पाठ करवीत असें; आतां तो मला रात्रीं जागवूं लागला. अशा मनःस्थितींत पुण्यास जुन्या पुस्तकांच्या दुकानांत 'सुवर्णपुष्पाचें रहस्य' या चिनी ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर हातीं लागलें. रिचर्ड विल्हेल्म या जर्मन पंडितानें तें १९२९ मध्यें आपल्या भाषेंत आणिलें, मानसशास्त्रज्ञ युंग यानें त्यावर भाष्य लिहिलें, आणि १९३१ मध्यें तें इंग्रजींत आलें. कोश जवळ घेऊन मीं तें तीनदां वाचलें. युंगनें आपल्या भाष्यांत पाश्चात्त्य वाचकांना या क्रियांचें आंधळें अनुकरण करूं नका असें बजाविलें आहे. 'हें युरोपीयांसाठीं, आपल्या रक्तांत तर योग आहेच,' असें म्हणून मीं तें पान उलटलें.

पहाटे चार वाजतां माडीवर बसण्याचा नेम धरिला. पुस्तकांत जेथें कमी वाटलें, तेथें हठयोगांतला कुंभक माझा मीं घातला. आज सोळा अंक श्वास कोंडावा, आठवड्यानें चोवीस, पुढें बत्तीस, असें पाढ्याप्रमाणें चढविलें. महिन्याभरांत बोटांना मुंग्या येऊं लागल्या, कानांत नाद होऊं लागला, मस्तकांत ऊब भरली. मला वाटलें, शक्ति जागी झाली! प्रत्यक्षांत कुंभक सुटल्यावर मी धापा टाकून जो जोरजोरानें श्वास घेत असें, त्यानें रक्तांतील कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होत होता. घेरी व मुंग्या येण्यास तेवढें कारण पुरतें. हें मला पुढें एका डॉक्टरांनीं समजाविलें. पण तोंवर झोंप दोन तासांवर आली होती, रक्तदाब वाढला होता, आणि स्वभाव असा चिडका झाला होता कीं एके सायंकाळीं रामरक्षेंत एक अक्षर चुकलें म्हणून मीं सात वर्षांच्या नातीची पाटी जमिनीवर आपटली. ती पोर रडली नाहीं. तिनें तुकडे गोळा केले आणि त्यानंतर माडीवर येणें सोडलें.

त्या रात्रीं घरांतून एवढेंच म्हणणें झालें: "अहो, बत्तीस वर्षें शाळा केलीत. पहिलींतल्या पोराला कधीं मॅट्रिकचा धडा दिलात का? आणि तुमची वही तपासतो कोण?"

तीन महिन्यांच्या वाचनानें जें कळलें नव्हतें, तें या दोन प्रश्नांनीं कळलें. चिनी लोकांत या दुखण्यास फार जुनें नांव आहे. त्याचा अर्थ 'आग उधळली आणि भूत शिरलें'. असल्या अभ्यासांतून उद्भवणाऱ्या मनोविकाराची नोंद अमेरिकन मनोवैद्यांनीं १९९४ मध्यें आपल्या संहितेंतही केली. आपल्याकडे हठप्रदीपिकाकारांनीं प्राणाला सिंह, हत्ती, वाघ यांची उपमा देऊन तो हळूहळूच वश होतो, एरवीं साधकाचाच घात करितो, असें सांगून ठेविलें आहे. हा श्लोक मला पाठ होता. पण पाठ असणें म्हणजे कळणें नव्हे, हें शिक्षकानें तरी विसरूं नये.

मग मीं पुन्हा वाचावयास घेतलें, आणि या वेळीं ज्या गृहस्थाची गांठ पडली तो माझ्याच धंद्यांतला निघाला. च्यांग वेइ-च्याओ (१८७३–१९५८) हा शांघायच्या एका मोठ्या प्रकाशनसंस्थेंत शालेय पुस्तकें तयार करीत असे, आणि १९१२ मध्यें चिनी प्रजासत्ताकाच्या शिक्षणखात्यांतही त्यानें काम केलें. लहानपणापासून प्रकृतीनें दुबळा. भाऊ क्षयानें गेला आणि यालाही तोच रोग जडला. औषधें थकल्यावर, १९०० च्या सुमारास, त्यानें एका जुन्या वैद्यकग्रंथांतली लघु प्रदक्षिणा गुरूवांचून, केवळ वाचून आरंभिली, आणि कांहीं महिन्यांत बेंबीखालची ऊब आपोआप कण्यानें चढून पुढून उतरली असा अनुभव त्यानें लिहून ठेविला आहे. १९१४ मध्यें त्यानें या विषयावर लहानसें पुस्तक काढलें. त्यांत शिसें-पारा, वाघ-अजगर अशी गूढ परिभाषा त्यानें मुद्दाम वगळली. नुसतें 'स्थिर बसणें' म्हटलें, आणि कसें बसावें, श्वास कसा असावा, चित्त कोठें ठेवावें, हें शाळेंतल्या धड्यासारखें साध्या भाषेंत मांडिलें. त्याचा सर्व भर जबरदस्ती न करण्यावर आहे. चित्त बेंबीखालीं ठेवा. शक्तीला ढकलूं नका, तिची वाटही पाहूं नका. त्याची क्षयापासून सुटका केवळ बसण्यानें झाली असें मी म्हणणार नाहीं. आज क्षयास निश्चित औषध आहे व तें घेतलेंच पाहिजे. पण स्वयंशिक्षित विद्यार्थ्यानें कसें शिकावें याचा तो चांगला नमुना आहे.

त्यापुढें माझ्या ध्यानांत आलें कीं मीं अर्धीच विद्या घेतली होती. लघु प्रदक्षिणेंत चढणें अर्धें आणि उतरणें अर्धें. आपल्या योगांतही सत्रावीच्या अमृताचें खालीं झरणें वर्णिलें आहेच. परंतु वाचकाची दृष्टि सहस्रारावर खिळलेली, उतरण्याकडे कोण पाहतो? जें मस्तकांत चढलें तें तेथेंच राहिलें, तर त्याचें तेज होत नाहीं, ताप होतो. तें पोटाच्या शेतांत परत यावें लागतें; म्हणजेच भुकेंत, झोंपेंत, गोड बोलण्यांत आणि घरच्या कामांत दिसावें लागतें. भगवंतांनीं सहाव्या अध्यायांत अति खाणाऱ्यास व मुळींच न खाणाऱ्यास, अति झोंपणाऱ्यास व सदा जागणाऱ्यास योग नाकारिला, तो याचसाठीं असावा. समर्थांचें जांब आमच्याच जिल्ह्यांत आहे. प्रपंच टाकून परमार्थ साधूं पाहणाऱ्यास त्यांनीं काय म्हटलें असतें, तें मीं सांगावयास नको.

पुस्तकाची गोष्टही अशीच. विल्हेल्मला मिळालेली सुवर्णपुष्पाची प्रत तुटक व भेसळीची होती, असें १९९१ मध्यें नवें इंग्रजी भाषांतर करणाऱ्या टॉमस क्लिअरीनें दाखविलें. म्हणजे मी ज्या पानांवर प्राण पणास लावला, तींच पुरतीं नव्हतीं! म्हणून ग्रंथ हा गुरु खरा, परंतु वही तपासणारा दुसरा कोणी तरी हवाच. मॅट्रिकला शंकरशेट शिष्यवृत्ति मिळविणारे आणि पुढें अमळनेरास शिक्षणकार्य केलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनीं १९२४ मध्यें लोणावळ्यास कैवल्यधाम काढलें, तें याच बुद्धीनें. नौलि करितांना पोटांत काय होतें, हें त्यांनीं क्ष-किरणांनीं व दाबमापकानें तपासलें. इतका मोठा साधक आपला अनुभव यंत्रापुढें ठेवितो. मग आपण तो निदान घरच्यांपुढें ठेवावयास काय हरकत?

त्या मुलाला मीं तीन गोष्टी सांगितल्या. श्वास कोंडणें आजपासून बंद. रोज पंधरा मिनिटें नुसतें बसावें, श्वास आपल्या गतीनें येऊं जाऊं द्यावा आणि लक्ष बेंबीखालीं असावें. डोकें तापूं लागलें तर उठून अंगण झाडावें. दुसरें, परत गेल्याबरोबर डॉक्टरांना दाखवावें आणि सर्व कांहीं खरें सांगावें. यांत कमीपणा नाहीं. तिसरें, एक वही करावी. तींत चक्रांचा व प्रकाशांचा उल्लेख नको. रकाने चारच: झोंप किती, भूक कशी, राग किती वेळां, आणि घरीं बोलणें झालें कीं नाहीं. दर रविवारीं ती मजकडे तपासावयास यावी.

माझी वही अजून घरांतूनच तपासली जाते. नात आतां आठवींत आहे. पहाटे कधीं कधीं माडीवर येऊन शेजारीं बसते आणि पांच मिनिटांत माझ्या खांद्यावर डोकें टाकून झोंपते. वडील बंधूंसंबंधींच्या त्या प्रश्नाचें उत्तर मला मिळालें असें मी म्हणत नाहीं. पण तो प्रश्न आतां मला रात्रीं जागवीत नाहीं. सकाळीं माझ्याबरोबर शांतपणें बसतो.

परवां पुण्याहून चौथा रविवार आला. झोंप सहा तास, भूक बरी, आईशीं दोनदां बोललों, डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन आलों. रागाचा रकाना मात्र कोरा होता. मीं लाल शाईनें लिहून पाठविलें: 'हा प्रश्न सोडूं नये. पुढच्या खेपेस खरें उत्तर लिहावें.'