विश्लेषण : परदेशातील गोठे पाहून सोलापूरच्या दूध उत्पादकाने काय घ्यावे?

गाईमागे किती लिटर, हा आकडा परदेश दौऱ्याच्या बातमीत पहिल्यांदा येतो. मात्र त्या दुधाला दर कोण ठरवतो आणि फॅट कोण मोजतो, हे प्रश्न सोलापूरच्या गोठ्यासाठी अधिक मोलाचे आहेत.

दौरे कसले असतात?

आंतरराष्ट्रीय कृषी पत्रकार महासंघ (आयएफएजे) १९५६ पासून कार्यरत आहे. महासंघाची जागतिक परिषद २०१८ मध्ये नेदरलँड्सला, तर २०२४ मध्ये स्वित्झर्लंडला झाली. अशा परिषदांत भाषणांइतकेच महत्त्व शेत आणि गोठ्यांच्या भेटींना असते. यंत्रमानवाने काढलेली धार, संगणकावर दिसणारा प्रत्येक गाईचा आहार, शंभर गाई सांभाळणारे एक कुटुंब, असे चित्र तिथून वाचकांपर्यंत पोहोचते. ते खोटे नसते, पण अपुरे असते.

न दिसणारी बाजू कोणती?

युरोपीय संघातील दूध कोटा २०१५ मध्ये उठला. नेदरलँड्समध्ये गाई वाढल्या आणि शेणखतातील फॉस्फेटने मर्यादा ओलांडली. मग गाई कमी कराव्या लागल्या. जानेवारी २०१८ पासून प्रत्येक गोठ्याला ‘फॉस्फेट हक्क’ लागू झाले. त्यामुळे गाय वाढवायची तर आधी हक्क विकत घ्यायचा, अशी स्थिती आली. २०१९ मध्ये नायट्रोजनबाबत न्यायालयाचा निकाल आला आणि त्याच वर्षी तिथले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेग शहरात धडकले. उत्पादन वाढले की प्रश्न संपतात, हा समज या अनुभवापुढे टिकत नाही.

स्वित्झर्लंडचे गणित निराळे आहे. तिथले गोठे तुलनेने लहान आहेत आणि त्यांना सरकारकडून थेट अर्थसाह्य मिळते. ग्रुयेर चीजसाठी दूध देणाऱ्या गाईंना मुरघास चालत नाही. सांगोला-मंगळवेढ्याच्या दुष्काळी पट्ट्यात मात्र मक्याचा मुरघास हाच उन्हाळ्याचा आधार. तिथला नियम जसाच्या तसा इथे आणता येत नाही, तो यामुळेच.

सोलापूरशी याचा संबंध काय?

संबंध थेट दराशी आहे. राज्यातील गाईच्या दुधाचा मोठा वाटा भुकटी आणि लोण्याकडे जातो. जागतिक बाजारात भुकटी स्वस्त झाली की निर्यात थंडावते, साठे पडून राहतात आणि त्याची झळ गावातल्या संकलन केंद्रापर्यंत येते. जून २०२४ मध्ये केंद्राने १० हजार टन दूध भुकटी सवलतीच्या शुल्कात आयात करण्यास परवानगी दिली, तेव्हा राज्यातील उत्पादक दरासाठी आधीच रस्त्यावर होते.

त्यानंतर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या दुधाला संघाचे ३० रुपये आणि सरकारचे ५ रुपये अनुदान, असे सूत्र ठरले. ऑक्टोबर २०२४ पासून ते २८ अधिक ७ झाले. बेरीज दोन्ही वेळा ३५ रुपयेच. म्हणजे खरेदीदाराचा भार २ रुपयांनी हलका झाला, तो सरकारी तिजोरीने उचलला आणि उत्पादकाच्या हाती जादा काही आले नाही.

मग शिकण्यासारखे काय?

पहिली गोष्ट मोजमापाची. नेदरलँड्समध्ये दुधाचा नमुना खरेदीदाराऐवजी स्वतंत्र प्रयोगशाळा तपासते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जो दूध घेतो, त्याच्याच यंत्रावर फॅट आणि एसएनएफ ठरते. एका पॉइंटने दर घसरतो, पण दाद मागायची कुठे हे उत्पादकाला ठाऊक नसते.

दुसरी गोष्ट दराची. तिथल्या सर्वांत मोठ्या सहकारी दूध कंपनीचा त्या-त्या महिन्याचा हमीदर सभासदांना आगाऊ कळतो. पशुखाद्याची पोती उधारीवर आणणाऱ्याला दर आधी कळणे ही मोठी सोय आहे.

तिसरी गोष्ट नोंदींची. लांब, तलवारीसारख्या शिंगांची पंढरपुरी म्हैस कमी पाण्यात, कोरड्या हवेत, साध्या चाऱ्यावर तग धरते. या जातीच्या वेतांची, दुधाची आणि फॅटची काटेकोर नोंद गावोगावी ठेवली गेली, तर उत्तम रेडे निवडून जात सुधारता येईल. युरोपने आपल्या गाई नोंदवहीच्या बळावरच घडवल्या.

भारत जगातील सर्वांत मोठा दूध उत्पादक आहे. २०२३-२४ मध्ये उत्पादन सुमारे २३.९ कोटी टन होते. ते उभे आहे दोन-चार जनावरांच्या गोठ्यांवर. यंत्रमानव त्यांना परवडणारा नाही. स्वतंत्र तपासणी, आगाऊ दर आणि नोंदवही मात्र परवडते, कारण त्यासाठी गोठा मोठा असावा लागत नाही. लागते ती संघांची आणि सरकारची इच्छा. परदेशातून परतणाऱ्या प्रत्येक पत्रकाराने, अभ्यास दौऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येक संचालकाने लिटरच्या आकड्याआधी या तीन गोष्टींची चौकशी करून यावे.