मोडलेला संसार आणि बुडालेले कर्ज

कर्जात बुडू लागलेला माणूस आपले घर बायकोच्या नावावर करतो, ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. धनको दाराशी येण्यापूर्वी बक्षीसपत्र करून मोकळे व्हावे आणि मागाहून नादारीचा अर्ज द्यावा, ही युक्ती फार जुनी आहे. इंग्लंडच्या पार्लमेंटला १५७१ सालीच तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. आपल्याकडील १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५३ वे कलम त्याच परंपरेतले आहे. धनकोंना बुडविण्याच्या किंवा त्यांची वसुली लांबविण्याच्या हेतूने केलेले स्थावराचे हस्तांतरण त्या कलमान्वये फसलेल्या धनकोंना रद्द करून घेता येते. एवढ्यापुरता प्रश्न सोपा आहे. पतिपत्नींचा संसारच मोडलेला असतो, तेव्हा मात्र तो बिकट होतो. घटस्फोट झाला, पोटगीच्या हक्कापोटी व मुलांच्या निवाऱ्यासाठी घर पत्नीला मिळाले, आणि वर्षभरात पतीचे दिवाळे निघाले, तर ते घर तिचे की धनकोंचे? या प्रश्नाला आपला कायदा सरळ उत्तर देत नाही, ही चिंतेची बाब आहे.

मुंबई, कोलकाता व चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा आणि इतरत्र १९२० चा नादारी कायदा, ही जुनी व्यवस्था. दिवाळ्याच्या अर्जापूर्वी दोन वर्षांच्या आत झालेले हस्तांतरण तीत रद्द होऊ शकते. प्रामाणिकपणे व योग्य मोबदला देऊन घेतलेली मालमत्ता, तसेच विवाहापूर्वी व विवाहाच्या मोबदल्यात झालेले हस्तांतरण, एवढ्यांना तीत अभय आहे. २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता याहून कठोर आहे. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना ती १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाली, आणि मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना वैध ठरविली. हे हमीदार म्हणजे केवळ बडे उद्योगपती नव्हेत. लहानशा कारखान्यासाठी बँकेच्या कागदावर सही करणारा मध्यमवर्गीय गृहस्थही त्यांत येतो. या संहितेच्या १६४ व्या कलमानुसार दोन वर्षांच्या आत पतिपत्नींत झालेला व्यवहार अल्प मोबदल्याचाच होता असे गृहीत धरले जाते. जुन्या कायद्याने विवाहाच्या मोबदल्याला संरक्षण दिले होते. नव्याने तोच मोबदला संशयास्पद ठरविला. विवाहविच्छेदाच्या मोबदल्याविषयी मात्र दोन्ही कायदे त्या कलमांत मौन पाळतात.

या मौनातून विचित्र परिस्थिती उद्भवते. इंग्लंडच्या १९८६ च्या नादारी कायद्यात पतिपत्नींच्या व्याख्येत पूर्वाश्रमीच्या पतिपत्नींचाही स्पष्ट समावेश आहे. आपल्या संहितेत निकट कुटुंबीयांच्या व्याख्येत पती वा पत्नी, अवलंबून असलेली मुले व आईवडील येतात; घटस्फोटितांचे नाव नाही. म्हणजे हुकूमनाम्याच्या आदल्या दिवशी केलेल्या दस्तावर कायद्याने संशय घ्यावा, आणि तोच दस्त दुसऱ्या दिवशी झाला तर त्या गृहीतकातून सुटावा, असा अर्थ काढण्यास वाव राहतो. हक्क तारखेच्या योगायोगावर अवलंबून ठेवणे न्यायाला शोभत नाही.

खरा प्रश्न मोबदल्याचा आहे. पत्नीने पैसे मोजले नाहीत, सबब तिला घर फुकट मिळाले, असे धनकोंचे वकील म्हणतात. पण आयुष्यभराच्या पोटगीवर तिने सोडलेले पाणी हा मोबदला नव्हे काय? इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे २००७ साली नेमका हाच वाद आला. न्यायालयाच्या आदेशाने घर पत्नीला मिळाले होते, थोड्याच अवधीत पती दिवाळखोर ठरला होता, आणि त्याच्या मालमत्तेच्या विश्वस्तांनी घरावर हक्क सांगितला होता. पत्नीच्या दाव्याची किंमत न्यायालयाच्या आदेशानेच ठरलेली असते. लबाडी वा संगनमत सिद्ध झाल्याखेरीज ते हस्तांतरण अल्प मोबदल्याचे मानता येणार नाही, असा निर्णय झाला.

हा निर्णय आम्हांस मान्य आहे. तथापि त्यातील अपवादही तितकाच महत्त्वाचा आहे. परस्परसंमतीच्या घटस्फोटात कुटुंब न्यायालय दोघांची संमती खरी आहे की नाही हे पाहते; पतीचे देणे किती, हे सांगायला तेथे धनको हजर नसतो. अशा वेळी घटस्फोट कागदोपत्री आणि संसार पूर्ववत, असा प्रकार अशक्य नाही. शिवाय धनको म्हणजे केवळ बँक नव्हे. उधारीवर माल देणारा व्यापारी आणि पगार थकलेला कामगार हेही धनकोच होत.

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे, वेगळा करार नसल्यास, पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते. तेथे घटस्फोटानंतरचा निम्मा वाटा पत्नी स्वतःच्या हक्काने घेते. महाराष्ट्रातील पत्नीला असा हक्क नाही, म्हणून तिला तडजोडनाम्याचा आधार घ्यावा लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थकलेल्या पोटगीला धनकोंच्या वसुलीपेक्षा अग्रक्रम दिला. संहितेनेही पोटगीचे दायित्व दिवाळखोराच्या मुक्ततेतून वगळले आहे. मग दरमहाच्या पोटगीऐवजी एकदाच घर स्वीकारणारी स्त्रीच तेवढी असुरक्षित का राहावी?

आमची सूचना साधी आहे. घटस्फोटात स्थावराचे हस्तांतरण व्हायचे असेल, तर पतीने आपल्या सर्व देण्यांचे व हमींचे प्रतिज्ञापत्र कुटुंब न्यायालयात द्यावे, आणि मोठ्या धनकोंना नोटीस मिळावी. अशी शहानिशा होऊन दिलेल्या आदेशाला, लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, नंतर धक्का लागू नये. ज्यांनी देणी लपविली त्यांच्या व्यवहाराला मात्र हे संरक्षण मिळू नये. आणि पत्नीला त्या लबाडीची कल्पना नव्हती असे दिसल्यास, निदान तिच्या पोटगीच्या किमतीइतका वाटा तिच्याकडे राहावा. संसदेने संहितेत एवढी दुरुस्ती केली, तर सुक्याबरोबर ओलेही जळण्याची पाळी येणार नाही, आणि धनकोंनाही आपले गाऱ्हाणे वेळेवर मांडता येईल.