रागदारी आणि आकाशवाणीचे श्रोते

आकाशवाणीवरील शास्त्रीय संगीताचा वेळ घटला, त्याच्या ठरलेल्या वेळा हलविण्यात आल्या, स्थानिक केंद्रावरील गायनाच्या जागी दूरच्या केंद्राचे सहक्षेपण आले, अशी तक्रार घेऊन श्रोता पुढे आला की त्याची वासलात लावण्याची एक ठरीव रीत आहे. तो वयस्क आहे, पांढरपेशा आहे, मूठभरांपैकी आहे आणि गतकाळात रमणारा आहे, एवढे म्हटले की प्रश्न निकालात निघतो. पुरोगामी चळवळीतील काही मंडळीही या युक्तिवादाला मान डोलावतात. बेकारी आणि महागाई यांनी माणूस पिचला असताना ख्याल कोणत्या वेळी लागतो याची चिंता कशाला, असा त्यांचा सवाल असतो. सवाल अगदीच गैर नाही. परंतु त्यात एक गृहीत दडलेले आहे. अभिजात संगीत ही पैसा आणि फुरसत ज्यांच्यापाशी आहे त्यांचीच चीज होय, हे ते गृहीत. आकाशवाणीचा इतिहास नेमकी याच्या उलट साक्ष देतो.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी हे संगीत मुख्यतः दरबारांत आणि सरदार-सावकारांच्या दिवाणखान्यांत नांदत होते. अल्लादियाखाँ कोल्हापुरात स्थिरावले ते शाहू महाराजांच्या आश्रयाने. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून विद्येची दारे किलकिली केली. मराठी रंगभूमीने पिटातल्या प्रेक्षकाच्या कानांवर राग घातले. तरीही एखादा राग शांतपणे, विस्ताराने ऐकण्याचे भाग्य मैफलीचे आमंत्रण असलेल्यांपुरतेच होते. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, आश्रयदाते गेले, आणि कलावंत उघड्यावर पडण्याची वेळ आली. ती पोकळी भरून काढली रेडिओने. २० जुलै १९५२ रोजी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलने होऊ लागली. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यासारखा गवई धारवाड केंद्राचा संगीत सल्लागार झाला. सारंगीवादक रामनारायण यांच्या व्यावसायिक आयुष्याची सुरुवात लाहोर केंद्रावरील साथीदार म्हणून झाली. सारंगीची साथ मागे पडू लागली त्या काळात कित्येक सारंगियांच्या घरची चूल आकाशवाणीच्या वेतनावर पेटत होती. राजाच्या मर्जीची जागा लोकांच्या करातून चालणाऱ्या संस्थेने घेतली, हा स्वतंत्र भारतातील सांस्कृतिक समाजवादाचा एक खराखुरा प्रयोग होता. भले त्याला तसे नाव कोणी दिले नसेल.

तो काळ सुवर्णयुग होता असे मात्र नव्हे. आकाशवाणीच्या धुरीणांनी लोकांना विचारून निर्णय घेतले असे क्वचितच घडले. १९४० साली हार्मोनियमला रेडिओवर बंदी झाली. ती सैल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. ज्या गायिकांनी पिढ्यान्‌पिढ्या ठुमरी-दादरा सांभाळला, त्यांच्यावर खासगी आयुष्याच्या कथित कलंकाचे निमित्त करून दरवाजे बंद करण्यात आले. संगीताचे सोवळे राखावयाचे आणि ते जिने जोपासले त्या स्त्रीला उंबऱ्याबाहेर ठेवावयाचे, हा ढोंगीपणा आपल्या समाजाला नवा नाही. माहितीमंत्री बा. वि. केसकर यांनी १९५२ मध्ये चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले. परिणाम काय झाला? श्रोत्याने कान पकडून ख्याल ऐकला नाही. त्याने सुई फिरवून सिलोन लावले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून सरकारला माघार घ्यावी लागली.

केसकरांच्या काळी श्रोत्यावर अभिरुची लादली गेली, आज तीच त्याच्यापासून काढून घेतली जात आहे. दिशा उलटी असली तरी दोन्ही वेळी श्रोत्याला विचारण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

उत्पन्नाचा हिशेब आकाशवाणीत केव्हा शिरला, याची तारीख देता येते. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर येथील विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. जाहिरात ही स्वतः पाप नव्हे. पण जाहिरातदार ज्या कार्यक्रमाला पैसे देतो तो कार्यक्रम लोकांना हवा आहे, आणि ज्याला देत नाही तो नको आहे, असे समीकरण एकदा रूढ झाले की विलंबित ख्यालाचा निभाव लागणे कठीण. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा दिला. त्यानंतर काही वर्षांतच सरकारने या सार्वजनिक मालमत्तेचे शहरवार लिलाव केले. लिलावात कोट्यवधी मोजून लहरी घेणारा व्यापारी तोडी कशाला वाजवील? त्याने वाजवली नाही, यात नवल नाही. नवल आहे ते सार्वजनिक संस्थेने त्याचाच कित्ता गिरवावा याचे.

बाजार ही उणीव भरून काढील, असे सांगणाऱ्यांनी वर्ल्डस्पेसची कहाणी आठवावी. वर्गणी घेऊन उपग्रहावरून ऐकविणाऱ्या या कंपनीची ‘गंधर्व’ ही हिंदुस्थानी संगीताची वाहिनी होती आणि ती उत्तम होती, याची ग्वाही तिचे श्रोते आजही देतात. त्यांनी खास यंत्रे विकत घेतली, वर्गण्या भरल्या. मूळ अमेरिकन कंपनी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील प्रक्षेपण थांबले. यंत्रे कपाटात गेली. नफ्याच्या आधारावर उभी असलेली संस्कृती नफ्याबरोबरच जाते.

२६ जानेवारी २०१६ रोजी आकाशवाणीने ‘रागम्’ ही चोवीस तासांची शास्त्रीय संगीताची वाहिनी बंगळुरूहून सुरू केली, हे तिच्या बाजूने अवश्य नमूद केले पाहिजे. न्यू जर्सीतील मराठी माणूस आज मोबाइलवर ती ऐकू शकतो. परंतु तक्रार करणाऱ्या श्रोत्याला ‘रागम्’कडे बोट दाखवून गप्प बसविणे ही शुद्ध चलाखी आहे. ती वाहिनी उपग्रह आणि इंटरनेट यांच्या वाटेने येते. दोन सेलांवर चालणाऱ्या साध्या संचाला ती लाभत नाही. अलीकडच्या वर्षांत मध्यम लहरींचे कित्येक प्रक्षेपक बंद झाल्याने तो संच आधीच मुका होत चालला आहे. ज्याच्या हाती चांगला फोन आहे त्याला भीमसेन जोशींचे गाणे अन्यत्रही मिळते; ज्याच्या हाती नाही त्याच्यासाठीच तर सार्वजनिक रेडिओ होता. शिवाय हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धती मिळून साऱ्या देशाला एक वाहिनी पुरवली, तर परभणीच्या तरुण गायिकेने किंवा रत्नागिरीच्या तबलजीने जावे कोठे? आकाशवाणीची श्रेणी आणि तिच्यामागून येणारे ध्वनिमुद्रणाचे करार हा आडगावच्या कलावंताचा पहिला मान असतो आणि थोडाफार आधारही. स्थानिक केंद्राचा वेळ आटला की तो आधार निखळतो. निवृत्त झालेल्या साथीदारांच्या जागा रिकाम्या ठेवण्याचे धोरणही याच वाटेने जाणारे आहे.

वेळेचा प्रश्न तर साऱ्यांत जिव्हाळ्याचा. रागदारीत वेळ हा संगीताचाच भाग आहे. ललत पहाटेचा, सारंग दुपारचा, मुलतानी तिसऱ्या प्रहराचा, मारवा दिवेलागणीचा, दरबारी रात्रीचा. ज्यांना गुरू मिळाला नाही, ज्यांना स्वरलिपी वाचता येत नाही, अशा असंख्य माणसांनी हे ज्ञान रेडिओपासून घेतले. शिंप्याच्या दुकानात दुपारच्या सभेत रोज सारंग ऐकणाऱ्या कारागिराला त्याचे आरोह-अवरोह सांगता येणार नाहीत. पण सूर लागताच तो राग ओळखतो. हे शिक्षण नियमितपणावर उभे असते. कार्यक्रम आज सकाळी, उद्या रात्री उशिरा, परवा रद्द, असे झाले की ही न दिसणारी शाळा मोडते. आलाप जेमतेम स्थिरावतो तोच जाहिरातीसाठी किंवा बातम्यांसाठी आवाज उतरविणे, हा तर निव्वळ असंस्कृतपणा होय. आणि मग श्रोते घटले म्हणून कार्यक्रम घटविला, असे समर्थन केले जाते. एस.टी.ची गाडी आधी अवेळी सोडावयाची आणि मग प्रवासी नाहीत म्हणून फेरी बंद करावयाची, हा अनुभव खेड्यापाड्यांतील जनतेला पुरेसा परिचित आहे.

वस्तुतः १९९० च्या प्रसार भारती कायद्यात श्रोत्याला अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. विविध प्रदेशांच्या संस्कृतींना पुरेसे स्थान देणे हे महामंडळाचे कर्तव्य त्यात सांगितले आहे. महामंडळाविषयीच्या तक्रारी ऐकण्यासाठी प्रक्षेपण परिषदेचीही तरतूद आहे. ही परिषद कागदावरून उठून श्रोत्याच्या पत्राला उत्तर देऊ लागेल, तोपर्यंत निदान काही गोष्टी केंद्रांच्या पातळीवर व्हावयास हव्यात. वेळ बदलण्याआधी महिनाभर ते जाहीर करून श्रोत्यांची मते मागवावीत. सांगली, परभणी, जळगाव, रत्नागिरी यांसारख्या केंद्रांवर सकाळची व रात्रीची एकेक सभा त्या त्या भागातील कलावंतांसाठी राखून ठेवावी. साध्या संचावर रोज निदान एक राग सलग, न तोडता ऐकवावा. यांपैकी कशासाठीही नवा कायदा करावा लागत नाही.