इंदूरची ताई

मेहकर म्हटलं की लोक बुलढाण्याचं समजतात. आमचं मेहकर ते नव्हे. आमचं बीदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यात. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दोन्ही आणि वर थोडी दखनी उर्दू. 1956 साली बीदर जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले आणि आम्ही इकडे राहिलो. हे सगळं तुम्ही आजी-आजोबांकडून ऐकलंच असेल.

मागच्या महिन्यात भावाची मुलगी आली होती. पदवी झाली आहे, बोलायला खणखणीत. पंचायतीच्या निवडणुकीचा विषय निघाला तसं मी म्हटलं, "तू उभी राहा की." ती हसली. "आत्या, आपण मराठी. आपल्या गल्लीच्या बाहेर आपल्याला मत कोण देणार? आणि बाई निवडून आली तरी सगळा कारभार नवराच बघतो."

दुसऱ्या मुद्द्यावर मला तिला काही बोलता येईना, कारण असं होतं हे आपण सगळेच जाणतो. पहिल्या मुद्द्यावर मात्र मी तिला सुमित्रा महाजनांची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहिते.

सुमित्राताईंचा जन्म 1943 सालचा, चिपळूणचा. माहेरचं आडनाव साठे. 1965 मध्ये लग्न होऊन त्या इंदूरला गेल्या. यजमान जयंत महाजन वकील होते. एम.ए., एल्एल.बी.चं शिक्षण ताईंनी इंदुरातच घेतलं. होळकरांमुळे इंदुरात मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हे खरं. पण मराठी मतांच्या बळावर तिथे लोकसभा जिंकता येत नाही. शहर हिंदी बोलतं, व्यापार करणारी माणसं निराळी, आजूबाजूची खेडी माळव्यातली.

त्यांची सुरुवात दिल्लीपासून झाली नाही. 1982 मध्ये नगरसेविका आणि 1984 मध्ये उपमहापौर, म्हणजे नळ, गटार, दिवे. 1985 मध्ये विधानसभेला उभ्या राहिल्या आणि पडल्या. इथे मी भाचीला थांबवलं, कारण तिचं लक्ष मोबाईलकडे गेलं होतं. म्हटलं, हे नीट ऐक. पडल्यावर चार वर्षांनी, 1989 मध्ये, पक्षाने त्यांना लोकसभेला उभं केलं ते प्रकाशचंद सेठींच्या समोर. सेठी म्हणजे मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री, देशाचे माजी गृहमंत्री. विधानसभेला हरलेल्या बाईने त्यांना हरवलं.

मग 1991, 1996, 1998, 1999, 2004, 2009, 2014. त्याच मतदारसंघातून, त्याच पक्षातून, ओळीने आठ वेळा. त्यातही सगळं गुळगुळीत नव्हतं. 2009 मध्ये त्या जेमतेम साडेअकरा हजार मतांनी वाचल्या. पाच वर्षांनी त्याच प्रतिस्पर्ध्याला साडेचार लाखांहून जास्त मतांनी मागे टाकलं. 2014 ला देशभर लाट होती, हेही सांगायला हवं. सगळं श्रेय एकट्या उमेदवाराचं नसतं.

मला खरी गंमत वाटते ती निराळीच. भाषणं हिंदीत, कामं सगळ्यांची, पण अख्खं इंदूर त्यांना हाक मारतं ती "ताई" म्हणून. दीदी नाही, बहनजी नाही. मराठी त्यांनी कुणावर लादली नाही, लपवलीही नाही. भाचीला म्हटलं, तुला शेजारची कन्नड पोरं अक्का म्हणतात ना? ते काय वेगळं आहे?

वाजपेयी सरकारात त्या राज्यमंत्री होत्या. 6 जून 2014 रोजी लोकसभेच्या अध्यक्षपदी त्यांची एकमताने निवड झाली. मीरा कुमार यांच्यानंतर त्या खुर्चीवर बसलेल्या त्या दुसऱ्या महिला. आपल्याकडच्या बायका टीव्हीवर बघून म्हणायच्या, "बघा, कसं गप्प बसवते सगळ्यांना." पण गप्प बसवणं हे नेहमी कौतुकाचंच असतं असं नाही. ऑगस्ट 2015 मध्ये त्यांनी काँग्रेसचे 25 खासदार पाच दिवसांसाठी निलंबित केले. त्याआधी, काँग्रेसला 44 जागा होत्या म्हणून विरोधी पक्षनेतेपद दिलं नव्हतं. जुन्या प्रथेचा आधार होता, नाही असं नाही. तरी ते पद सभागृहात असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. घरात ह्यावरून आमचं अजून एकमत नाही.

2019 मध्ये पक्ष पंच्याहत्तरी उलटलेल्यांना उमेदवारी देत नव्हता. इंदूरचं नाव जाहीर होईना. नेते संकोचत असावेत असं दिसल्यावर ताईंनी एप्रिलमध्ये स्वतःच पत्रक काढून सांगितलं की मी लढणार नाही, निर्णय मोकळेपणाने घ्या. तीस वर्षं खासदारकी केलेल्या बाईने हे लिहायला बसताना काय वाटलं असेल, याचा मी कितीदा विचार केला आहे. सासरचं घर सोडायचं तर नव्हतंच, फक्त किल्ल्या द्यायच्या होत्या. त्यांच्या पक्षाने ती जागा पुन्हा जिंकली. 2021 मध्ये ताईंना पद्मभूषण मिळालं.

आमच्या बीदर मतदारसंघातून आजवर एकही बाई लोकसभेत गेलेली नाही. सध्याच्या लोकसभेत 543 पैकी 74 महिला निवडून आल्या, त्याआधी 78 होत्या. एक तृतीयांश जागांचा कायदा 2023 मध्ये झाला, पण तो जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधलेला आहे. पंचायतीत मात्र जागा आजही आहेत. आमच्याकडे सरपंच नसतो, अध्यक्ष असतो, आणि तिथे बाईला बसता येतं.

भाची जाताना म्हणाली, "पण आत्या, त्यांना हिंदी यायची. माझं कन्नड बोलायला ठीक आहे, भाषणाला नाही."

"मग भाषण कर बघू," म्हटलं, "मला अर्धं कळेल तेवढं पुरे."

ती उभी राहिली, ओढणी सारखी केली आणि पाण्याच्या टाकीवर चार वाक्यं बोलली. तिसऱ्या वाक्याला अडली. शेजारची कन्नड बाई दारातून ऐकत होती, तिने शब्द सांगितला. आता रविवारी ती पुन्हा येणार आहे. शेजारणीलाही बोलावून ठेवलं आहे.