राहता कुठे आणि अधिवास कुठला?

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ आहे. या शहरात कितीतरी मराठी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या नांदत आहेत. घरात मराठी, बाजारात हिंदी. अशाच एखाद्या घरातली मुलगी बारावीनंतर डॉक्टर व्हायचे म्हणते. आई-वडिलांना वाटते, 'आपण मराठी, आजोबा नागपूरचे. मग नागपूरच्या सरकारी मेडिकलमध्ये महाराष्ट्राच्या कोट्यातून जागा का मिळू नये?'

गफलत होते ती इथेच. माणूस प्रत्यक्ष राहतो ते त्याचे वास्तव्य. नोकरीसाठी भिलाई, शिक्षणासाठी पुणे, असे ते बदलत राहते. अधिवासाला मात्र राहण्याबरोबर तिथेच कायमचे राहण्याचा इरादाही लागतो.

आता गंमत अशी की, कायद्याच्या काटेकोर अर्थाने राज्याचा वेगळा अधिवास नसतोच. डॉ. प्रदीप जैन खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, भारतात अधिवास एकच, तो म्हणजे भारताचा. ज्याला आपण 'डोमिसाईल सर्टिफिकेट' म्हणतो, तो खरे तर त्या राज्यात कायम राहत असल्याचा दाखला असतो.

रायपूरकरांना हे चटकन पटावे. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते व राजधानी नागपूर होती. दुसऱ्या दिवसापासून रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले, नागपूर मुंबई राज्यात गेले. १ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर छत्तीसगडची राजधानी झाले. घर जागचे हलले नाही, राज्य मात्र बदलले. भारताचा अधिवास तोच राहिला.

मग प्रवेशाचे काय? राज्याच्या कोट्यासाठी मातृभाषा किंवा आजोबांचे गाव पाहत नाहीत. विद्यार्थी राहिला कुठे, शिकला कुठे, हे पाहतात. महाराष्ट्रात साधारणपणे दहावी-बारावी तिथूनच झालेली लागते. म्हणजे रायपुरात वाढलेल्या मुलीचा हक्क छत्तीसगडच्या कोट्यावर. शिवाय सरकारी कॉलेजांतील एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात असतात. नीटमधल्या गुणांवर त्यातून नागपूरही मिळू शकते.

पुढे एम.डी., एम.एस. करताना हा प्रश्न उरत नाही. राज्यातील वास्तव्यावर पदव्युत्तर वैद्यकीय जागा राखून ठेवणे घटनाबाह्य असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी दिला. तिथे गुणवत्ताच महत्त्वाची.

तेव्हा पालकांनी मुले नववीत असतानाच दोन्ही राज्यांचे नियम पाहून ठेवावेत. शाळेचे दाखले, गुणपत्रिका आणि वास्तव्याचे जुने पुरावे जपून ठेवावेत. दोन राज्यांचे दाखले काढून दोन्हीकडे हक्क सांगायला मात्र जाऊ नये. ते उघडकीला आले, तर हाती आलेली जागाही जाऊ शकते.