परवाना देताना माणूसही तपासा

मा. जिल्हाधिकारी, नाशिक
मा. पोलिस अधीक्षक, नाशिक ग्रामीण
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, नाशिक

यांस विंचूर, ता. निफाड येथून पत्र.

तिघांना मिळून एकच पत्र लिहितोय, याला कारण आहे. शस्त्राच्या परवान्यावर सही एकाची, त्याआधीचा चौकशी अहवाल दुसऱ्याचा, आणि अर्जदाराचे मन ठिकाणावर आहे की नाही हा प्रश्न तिसऱ्याच्या खात्याचा. या तीन टेबलांचे आपसात बोलणे असावे, एवढेच मागायचे आहे.

अमेरिकेतल्या एखाद्या शाळेत गोळीबार झाला की तिथे दोन तट पडतात. एक म्हणतो बंदुका आवरा, दुसरा म्हणतो मनाचे आजार बरे करा. मोबाइलवर ती बातमी वाचून आमच्या पारावरही तोच वाद रंगतो आणि शेवटी ‘आपल्याकडे तसं होत नाही’ यावर मिटतो. होत नाही हे बरेचसे खरे आहे, पण त्याचे श्रेय आपल्या संस्कारांपेक्षा कायद्याला जास्त. १८७८ चा शस्त्र कायदा इंग्रजांनी आपल्याला निःशस्त्र करण्यासाठी आणला, आणि टिळकांच्या पिढीला तो अपमान वाटला. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये स्वतःचा कायदा केला, तरी बंदूक हा नागरिकाचा हक्क मानला नाही. ते शहाणपणाचे झाले. विंचूर हे सरदार विंचूरकरांचे, पानिपतावर लढून आलेल्या घराण्याचे गाव. शस्त्राचे अप्रूप काय असते ते आम्हाला सांगायला नको. त्या हौसेला बंदुकीच्या दुकानाची जोड मिळाली असती तर काय झाले असते, ते वरातीतल्या तलवारी पाहून कळते.

यावर कुणी म्हणेल, माथे फिरलेल्याला बंदूक कशाला हवी? २५ जानेवारी २०१२ ला एसटीचा चालक संतोष माने याने स्वारगेट आगारातून बस काढली आणि पुण्याच्या रस्त्यांवर ९ जणांना चिरडले, ३७ जण जखमी झाले. रात्रपाळी बदलून मागितली, ती मिळाली नाही, हे खटल्यात आले. तो मनोरुग्ण असल्याचा बचावही झाला. न्यायालयांनी तो मान्य केला नाही. फाशी झाली, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. म्हणजे हत्यार बसचेही होते. मान्य. पण २०१२ च्याच १४ डिसेंबरला एकाच दिवशी दोन देशांत जे घडले तेही पाहा. चीनच्या हेनान प्रांतातल्या चेनपेंग गावच्या शाळेत एकाने चाकूने २३ मुलांवर वार केले. एकही मूल दगावले नाही. अमेरिकेत सँडी हूकच्या शाळेत २० मुले आणि ६ मोठी माणसे गेली. तिथल्या तरुणाच्या हातातली बंदूक त्याच्या आईने रीतसर विकत घेतलेली होती, आणि पहिला बळी तीच होती. मन दोन्हीकडे बिघडलेलेच असेल. मेलेल्यांचा आकडा हातात काय होते त्यावर ठरला.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. दोन्हींत आधी काय, असे कुणी दटावून विचारले तर आधी हत्यार. मनाचा इलाज वर्षानुवर्षांचा असतो, बंदूक काढून घ्यायला एक दुपार पुरते. मात्र ती दुपार कुणी ठरवायची, याचे उत्तर आज कागदावर आहे, व्यवहारात ते सहज सापडत नाही.

३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर–मुंबई एक्स्प्रेसमध्ये पालघरजवळ रेल्वे सुरक्षा दलाच्या शिपायाने आपल्या वरिष्ठाला आणि तीन प्रवाशांना गोळ्या घातल्याचा खटला चालू आहे. तब्येत बरी नाही, वलसाडला उतरू द्या, असे तो म्हणत होता आणि त्याला ड्युटी पुरी करायला सांगितले गेले, असे सोबतच्या शिपायाच्या फिर्यादीत आहे. बंदूक सरकारी होती. दुसरी बाजूही सोडता येत नाही. मेलेले तिन्ही प्रवासी मुसलमान होते, आणि आरोपात धार्मिक तेढीचे कलमही आहे. द्वेषाला आजाराचे पांघरूण घालायची आपल्याला घाई असते. त्याने खऱ्या मनोरुग्णांवर दुहेरी अन्याय होतो. मनाच्या आजाराने ग्रासलेली बहुतेक माणसे कुणालाही इजा करत नाहीत. मार खाणाऱ्यांत मात्र ती नेहमी पुढे असतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आठवडाभरात दोन घटना झाल्या. उल्हासनगरच्या पोलिस ठाण्यात, निरीक्षकाच्या दालनातच, एका आमदाराने परवान्याच्या शस्त्रातून गोळ्या झाडल्याचा गुन्हा दाखल झाला. सहा दिवसांनी दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुकवरच्या थेट प्रक्षेपणातच हत्या झाली. तिथले पिस्तूल मारणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचे होते. परवाना एकाचा, बोट दुसऱ्याचे. या दोन्ही ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञाने काय केले असते? जमिनीचा वाद, जुने वैर, राजकीय सूड यांवर गोळी-औषध नाही. तिथे शस्त्र हाताशी नसणे हाच उपाय.

आता बीड. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा छळ करून खून झाला. त्यात बंदूक वापरली नव्हती. तरी त्या निमित्ताने एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचे राज्याला कळले. गुन्हे दाखल असलेल्यांकडेही ते होते. मग ओरड झाली, फाइली उघडल्या आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. कायदा तोच होता, अधिकारही तेच होते. शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली परवानाधारक शस्त्र बाळगायला योग्य राहिला नाही असे दिसले तर परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो, त्यासाठी खून व्हावा लागत नाही. २०१६ च्या नियमांत अर्जासोबत शारीरिक व मानसिक आरोग्याचे प्रमाणपत्र मागितले आहे, पण त्याला एमबीबीएस डॉक्टरची सही पुरते. दोन मिनिटे नाडी पाहून मनाचा दाखला कसा देतात, हे डॉक्टरांनाच विचारलेले बरे. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. पाच वर्षांत माणसाचे घर मोडते, धंदा बुडतो, दारू सुटते किंवा लागते.

पोलिस अधीक्षकसाहेब, परवान्याबाहेरचे जगही आहेच. चोपडा तालुक्याच्या सीमेपलीकडे मध्य प्रदेशातले उमरटी गावठी कट्ट्यांसाठी सर्वांना ठाऊक आहे, आणि तिथला माल मोटारसायकलवरून आपल्याकडे येतो. दर काही दिवसांनी ‘कट्ट्यासह एकास अटक’ ही बातमी छापून येते. ज्याच्याकडे सापडला तो आत जातो. ज्याने आणला आणि ज्याने विकला त्यांच्यापर्यंतचा तपास शेवटाला गेल्याची बातमी क्वचित वाचायला मिळते.

शल्यचिकित्सकसाहेब, आपल्याकडे मागणे सगळ्यांत मोठे आहे. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. लासलगाव-विंचूरच्या माणसाला साध्या सल्ल्यासाठीही नाशिक गाठायचे म्हणजे दिवस मोडतो, आणि कांद्याच्या लिलावाच्या हंगामात तो दिवस कुणी मोडत नाही. मग ‘बाहेरचं काहीतरी आहे’ म्हणून देवऋषी गाठला जातो. पोरीचे लग्न ठरायचे आहे म्हणून गोष्ट घराबाहेर जात नाही. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पण बाजार समितीच्या विंचूर आवारात तो ठळक लिहून लावायला काय हरकत आहे? आमच्या तालुक्यात शस्त्राविना मरणारे जास्त. गारपीट किंवा पडलेला भाव, आणि हाताशी द्राक्षावरच्या फवारणीचे औषध. अमेरिकेतही बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोक आत्महत्या करणारेच असतात. श्रीलंकेने जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली तेव्हा तिथल्या आत्महत्या खूप घटल्या. लोकांचे दुःख त्या बंदीने कमी झाले नव्हते. विष चटकन हाती येईनासे झाले, आणि टोकाच्या विचाराचा तो एक तास निघून गेला.

तेव्हा मागणी अशी. निफाड तालुक्यातील परवानाधारकांची संख्या जाहीर करा, नावे नकोत. नवा परवाना देताना आणि नूतनीकरण करताना मनाचा दाखला सरकारी मानसोपचारतज्ज्ञाचाच घ्या. घरातल्या बाईने ‘यांच्याकडची बंदूक काही दिवस काढून घ्या’ म्हणून सांगितले तर तिला गुन्हा नोंदवायला न लावता ती जमा करून घेण्याची सोय ठाण्यात ठेवा. निवडणूक आली की हीच शस्त्रे आचारसंहितेत सहज जमा होतात, मग एका घराच्या सुरक्षिततेसाठी का होऊ नयेत? आणि निफाडच्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून कोणत्या वारी बसतील, तो वार ठरवून ग्रामपंचायतींना कळवा.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. पुढच्या लोकशाही दिनाला याच मागण्यांचे अर्ज घेऊन आम्ही विंचूरचे काही जण येत आहोत. त्या दिवशी तिन्ही खात्यांचे अधिकारी एकाच टेबलावर बसवून ठेवावेत, ही विनंती.

आपला,
विंचूरचा एक कांदा-द्राक्ष उत्पादक